दाबाचा कायदा आणि दाजी

पायाखाली दाबला जाणारा प्रत्येक इसम आज्ञाधारक असतोच असे नाही, हे तत्त्व महसूल खात्यातील प्रदीर्घ चाकरीत मला पूर्णपणे अवगत झाले होते. परंतु त्याचे यांत्रिक प्रत्यंतर मला आले ते सेवानिवृत्तीनंतर, अलिबागेकडच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेऱ्या मारून जर्जर झालेली एक एटीव्ही मी आंब्याच्या बागेसाठी खरेदी केली तेव्हा. तिचा मागचा डिस्कब्रेक दाबला असता पॅडल अत्यंत विनयाने खाली जाई, तळाशी टेकून स्वस्थ बसे, आणि गाडी मात्र, वरिष्ठांच्या हुकुमावर ‘पाहिले’ एवढाच शेरा मारून मिसल बाजूस सारणाऱ्या कारकुनाच्या निर्विकार मुद्रेने, बागेचा उतार आपल्या मर्जीप्रमाणे उतरत राही.

अशा प्रसंगी सामान्य मनुष्य मिस्त्री गाठतो. मी कागद घेतला, आणि सालाबादच्या शिरस्त्याप्रमाणे समास सोडून कैफियत लिहिली. पॅडल मऊ लागत असून वारंवार दाबल्यावर वर येत असेल, तर ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली आहे. दाबून धरले असता ते हळूहळू खाली सरकत असेल, तर मास्टर सिलिंडरच्या रबरांनी राजीनामा दिला आहे. आणि पॅडल कडक असूनही गाडी थांबत नसेल, तर पॅड तेलकट झाले आहेत किंवा कॅलिपर जाम झाला आहे. आमची गाडी पहिल्याच कलमाखाली कसूरवार ठरत होती. अक्षर सुवाच्य, युक्तिवाद निर्दोष. खाली ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी रवाना’ असे लिहून मी झोकदार सही ठोकली, आणि मग ध्यानात आले की हा कागद ज्याच्याकडे रवाना करावा असा एकही मनुष्य आता माझ्या हाताखाली उरलेला नाही.

येथे ब्लेझ पास्कल या फ्रेंच विद्वानाविषयी चार शब्द लिहिणे प्राप्त आहे, आणि ते चारच राहणार नाहीत याची मला जाणीव आहे. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा त्याचा नियम. त्याच्याच बळावर पायाचा दाब नळीतून चाकापर्यंत जातो. ज्या प्रबंधात हा नियम आहे तो पास्कलच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. परंतु मला पास्कलहून अधिक मोह पडतो तो त्याच्या मेहुण्याचा. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो हे सिद्ध करण्यासाठी पाऱ्याची नळी घेऊन कोणीतरी पर्वत चढणे आवश्यक होते. पास्कल पॅरिसमध्ये, प्रकृतीने नाजूक. पर्वत, म्हणजे १४६५ मीटर उंचीचा प्युइ द दोम, त्याच्या जन्मगावाशेजारी, क्लेरमाँला. तेव्हा त्याने सर्व थोर पुरुष करतात तेच केले: पत्र लिहिले. थोरली बहीण जिल्बेर्त हिचे यजमान फ्लोराँ पेरिये हे क्लेरमाँच्या कर-न्यायालयात अधिकारी, म्हणजे जवळजवळ आमच्याच खात्याचे गृहस्थ. पत्रावर तारीख १५ नोव्हेंबर १६४७ ची, आणि पेरिये पर्वत चढले १९ सप्टेंबर १६४८ रोजी. दहा महिन्यांची ही दिरंगाई वाचून तर मला त्यांच्याविषयी सख्खी आत्मीयता वाटू लागली. पण काम कसे चोख! गावातील प्रतिष्ठित मंडळी साक्षीला नेली, एक नळी खाली मठाच्या बागेत ठेवून तिच्यावर दिवसभर एक साधू पहाऱ्याला बसवला, आणि शिखरावर निरनिराळ्या जागी पुनःपुन्हा मोजणी करून पारा सुमारे तीन इंच उतरल्याची नोंद केली. याहून निर्दोष पंचनामा मी पाहिलेला नाही. पुढे १९७१ साली दाबाच्या आंतरराष्ट्रीय एककाला नाव मिळाले, ते अर्थातच पत्र लिहिणाऱ्याचे.

माझ्याही थोरल्या बहिणीचे यजमान हयात आणि धडधाकट आहेत, हे स्मरताच इतिहासाने आपल्याला पास्कलच्या आसनावर बसवले अशी माझी खात्री झाली. दाजींची हयात एस.टी.च्या कार्यशाळेत गेलेली. ते आले, माझी कैफियत त्यांनी आदरपूर्वक हातात घेतली, घडी करून खिशात ठेवली, आणि पॅडल एकदाच दाबून म्हणाले, “रावसाहेब, आमच्या एस.टी.त हवा असली तर ब्रेक लागतो. तुमच्या गाडीत हवा असली तर लागत नाही. एवढंच आहे हे.”

एवढेच नव्हते. कॅलिपर उतरवताच समुद्राची करणी उघडकीस आली: ज्या पिनांवर तो सरकायचा त्या खाऱ्या पाण्याने गंजून जागीच घट्ट बसल्या होत्या, त्यामुळे एक पॅड झिजून झिजून संपला होता आणि दुसरा फुकटचा पगार खात होता. दाजींनी पिना घासून त्यांना ग्रीस लावले, नवे पॅड घातले, पॅडांमध्ये लाकडाची ठोकळी धरली, आणि हवा वर चढते म्हणून ती सोडण्याचे निपल सर्वांत वर येईल असा कॅलिपर फिरवून धरला. जुने ऑइल काळपट झाले होते. डॉट ४ जातीचे हे ऑइल ताजे असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा पीत राहते, आणि पुरेसा प्यायल्यावर त्याची सहनशक्ती १५५ अंशांवर येते. कोकणच्या पावसाळ्यात त्याला पिण्याची ददात नाही.

नंतर त्यांनी मला आसनावर बसवले. “दाबा. धरा. मी सांगेपर्यंत सोडू नका.” निपल उघडे, नळीतून बाटलीत बुडबुडे येत, निपल बंद होई, मग “सोडा.” ज्याच्या सहीवाचून तालुक्यात सात-बाराचे पान हलत नसे त्या माझ्याकडे आता फक्त एका पायाचा कार्यभार होता, आणि तोही मी नीट सांभाळतो की नाही याची खालून वारंवार चौकशी होत होती.

वाकून पाहताना मला त्यांची बोटे दिसली. नखांच्या कडांतले ते काळे ग्रीस निवृत्तीनंतरही पुरते गेलेले नाही. अधिकमासात आमच्या घरी जावई म्हणून दाजींना ३३ अनारशांचे वाण मिळे, पाटाभोवती रांगोळी निघे. आणि जेवणानंतर ते बैठकीत टेकायला निघाले की त्यांच्या आधी कोणीतरी लगबगीने लोडावर जुना पंचा अंथरी. ज्या गाड्यांतून आमचे अवघे कुटुंब पेंगत पेंगत घाट उतरे, त्यांचे ब्रेक याच बोटांनी जुळवलेले असत. पण पानसुपारीच्या वेळी मला बदल्यांविषयी, धाकट्या भावाला बँकेविषयी विचारणाऱ्या वडीलमंडळींनी दाजींना त्यांच्या कामाविषयी एक प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. ती मंडळी आता नाहीत, त्यांच्यावर रागावण्याची सोय नाही. म्हणून मी त्या पंच्यावर रागावतो.

सायंकाळपर्यंत पॅडल कडक झाले आणि गाडी भर उतारावर जागच्या जागी थांबू लागली. शेजारचे बागाईतदार चौकशीला आले, तेव्हा दाजी हात धुवायला विहिरीवर गेले होते. सबब मीच त्यांना द्रवाचा नियम, क्लेरमाँ, पारा, मठातील साधू, दहा महिन्यांची दिरंगाई, सर्व काही साद्यंत निवेदन केले. त्यांनी ते अतिशय शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तुमचे दाजी रविवारी मोकळे असतात का?”

क्लेरमाँच्या एखाद्या बागाईतदाराने हा प्रश्न वेळीच विचारला असता, तर हवेचा दाब आज आपण पेरियेत मोजला असता.