‘चकाचक’ लॅपटॉप विकणाऱ्यास खुले पत्र



तुम्ही विकलेला 386 लॅपटॉप मी उघडून टेबलावर ठेवला आहे. मधे एक-दोन मालक होऊन गेल्यामुळे तुमचं नाव मला कळायला मार्ग नाही. पण ‘पूर्ण दुरुस्त. बोर्ड सोड्याने धुतलेला. चकाचक’ ही तुमची चिठ्ठी झाकणाच्या आत अजून चिकटलेली आहे. तुम्ही स्वतःच लेखी कबुली देऊन ठेवलीत, त्यामुळे मला फार तपास करावा लागला नाही.

चकाचक तो आहेच. पिवळं पडलेलं प्लास्टिक तुम्ही हायड्रोजन पेरॉक्साइड चोपडून उन्हात ठेवलंत. लेप जाड होता तिथे पांढरे पट्टे उमटले, सुकला तिथे जुना पिवळा तसाच राहिला. बिजागरीचा तुटका खांब सुपरग्लूनं चिकटवलात, त्याच्या वाफेनं भोवतीचं प्लास्टिक पांढुरकं झालं. एवढंच असतं तर पत्र लिहिलं नसतं. दिसण्याचं मला फारसं काही नाही.

सोड्याचं मात्र आहे. त्या काळच्या कितीतरी लॅपटॉपमध्ये घड्याळ आणि सेटिंग्ज टिकावीत म्हणून निकेल-कॅडमियमच्या तीन छोट्या सेलची 3.6 व्होल्टची बॅटरी बोर्डालाच सोल्डर केलेली असे. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती पाझरते. पाझरतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली. ते तांब्याच्या ट्रॅकवरून, हिरव्या लेपाच्या खालून पुढे सरकत राहतं. खाण्याचा सोडा ॲसिडवर चालतो. अल्कलीवर आणखी अल्कली ओतून काय साधलंत? पांढरं व्हिनेगर किंवा घरातलं कागदी लिंबू पुरलं असतं. मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पूर्ण सुकवणं. एका दुपारचं काम. तुम्ही त्याऐवजी तारेचा ब्रश घेतलात. त्यानं गंज गेला आणि ट्रॅकही गेले. उरलेल्यावर हिरवं नेलपॉलिश फासलंत. ते खरवडल्यावर खालचं तांबं बोटाला भुकटी होऊन लागलं. मल्टिमीटरचा बजर जिथे जिथे गप्प राहिला, तिथे केसाएवढी इनॅमलची तार टाकून एकेक ट्रॅक जोडावा लागला.

आणि जुन्या बॅटरीच्या जागी काय लावलंत? सीआर2032. त्या जागी बोर्ड चार्जिंगचा प्रवाह पाठवतो, कारण मूळ बॅटरी चार्ज होणारी होती. लिथियमचा हा बटण-सेल चार्ज करायचा नसतो. केला तर तो फुगतो, फुटूही शकतो. प्रवाह उलटा जाऊ नये म्हणून मधे एक डायोड लागतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो एक-दोन रुपयांत मिळतो. तुम्ही तेवढेही वाचवलेत, आणि धोका पुढच्या माणसाच्या मांडीवर ठेवलात. याला मी निष्काळजीपणा म्हणत नाही. ज्याला सोल्डरिंग येतं, त्याला हे कळत असतं.

तरीही हे सगळं दुरुस्त होतं. ट्रॅक जोडता येतात, सेल बदलता येतो.

कीबोर्डवर तुम्ही ब्लेड चालवलंत. तिथे देवनागरीचे स्टिकर होते. ‘के’च्या कळीवर अजून अर्धा क शिल्लक आहे, इन्स्क्रिप्टमध्ये क तिथेच येतो. म्हणजे या यंत्रावर कुणीतरी मराठी लिहीत होतं, आणि इतकं लिहीत होतं की अक्षरं कळांवर चिकटवून घेतली. ती तुम्हाला डाग वाटली.

मूळ हार्ड डिस्कही तुम्ही काढून टाकलीत. तिच्या जागी मेमरी कार्ड, त्यात डॉस आणि चार गेम. कार्ड लावण्याला माझा विरोध नाही, जुन्या डिस्का कधीतरी मरतातच. पण तेव्हाचा मराठी मजकूर युनिकोडमध्ये नसे. कुठे तो 1991 च्या मानकातल्या इस्कीत असे, कुठे एखाद्या कंपनीच्या स्वतःच्या फॉन्टच्या संकेतात. नुसती फाइल हाती आली आणि तो प्रोग्रॅम, तो फॉन्ट नसला, तर पडद्यावर खुणांचा चिखल दिसतो. फाइल, प्रोग्रॅम आणि फॉन्ट तिन्ही एकत्र असण्याची जागा ती डिस्कच होती. तिच्यावर कुणाचा हिशेब होता, कादंबरी होती की शाळेचे पेपर, ते मी सांगू शकत नाही. तुम्ही पाहिलंत का? आधी प्रत काढलीत का?

डिस्क अजून तुमच्या एखाद्या डब्यात पडली असेल, तर ती पाठवा. ज्यानं मला लॅपटॉप विकला, त्याच्या हाती दिलीत तरी पोचेल. फिरत नसली तरी चालेल. उघडून मात्र बघू नका. अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, भोवती जाड फोम लावा, कुरिअरचा खर्च मी देईन. मालक सापडला तर मजकूर त्याच्याकडे जाईल.