गल्ली पाच, घर पाच

लहान मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धेत पालकांना हॉलबाहेर काढतात, हे फार बरं आहे. आत राहू दिलं तर पाच मिनिटांत पटावर सोंगट्या कमी आणि बोटं जास्त दिसतील. बाहेर मात्र राज्य आमचंच. मे महिन्यातलं जळगाव, चव्वेचाळीस डिग्री, लिंबाच्या झाडाची जेवढी सावली तेवढ्यात मावलेले आईबाप, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: "हरला नाही हो, जिंकलेला डाव सोडला."

जळगावात हे वेड आता चांगलंच रुजलंय. २०२५ मध्ये अकरा वर्षांखालच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा इथे जैन हिल्सवर झाली. त्याच वर्षी २८ जुलैला बातुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखनं कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. वय वर्षं एकोणीस. तिकडे नाशिकला विदित गुजराथी आधीपासून आहेच. पश्चिमेला नाशिक, पूर्वेला नागपूर, म्हणजे आता नंबर मधल्या खानदेशचा, असं आमच्याकडे सगळ्यांनी ठरवून टाकलंय. पोरांना विचारायचं तेवढं राहिलंय.

आमची कन्या नऊ वर्षांची. त्या दिवशी ती बाहेर आली आणि म्हणाली, "अर्धा." एवढंच. समोरचा मुलगा धुळ्याचा होता, त्यामुळे तिच्या मामांची पंचाईत झाली. मामा पक्के धुळेकर. खास भाचीचा खेळ बघायला पारोळा-एरंडोलमार्गे एसटीनं आलेले. भाची जिंकावी, पण धुळं हरू नये, अशी त्यांची सकाळपासूनची भूमिका होती. अर्ध्या गुणानं दोन्ही साधलं. तरी ते नाराज. "बरोबरी काय असते भो? कोणीतरी मरायला पाहिजे."

मामांचं बुद्धिबळ जुन्या देशी वळणाचं. त्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं आणि राजाला, शह बसण्याआधी, एकदाच घोड्यासारखी उडी घेता येते. किल्लेकोट त्यांना मान्य नाही. "राजानं हत्तीच्या मागे लपायचं? मग तो राजा कशाला?"

संध्याकाळी स्कोअरशीट घेऊन आम्ही जमिनीवर पट मांडला. कोचची ताकीद होती की डाव आधी स्वतः तपासायचा, कॉम्प्युटरला नंतर विचारायचं. आणि समोरच्याची प्रत्येक खेळी झाली की एकच प्रश्न: याला आता काय हवंय? मामांना नोटेशन कळेना. पण धुळं १८१९ नंतर कॅप्टन ब्रिग्जनं आखणी करून वसवलं, आणि तिथले पत्ते आजही गल्ली नंबरानं चालतात. मी म्हटलं, "मामा, ए-बी-सी-डी म्हणजे उभ्या गल्ल्या, पुढचा आकडा म्हणजे घर नंबर. ई-५ म्हणजे गल्ली पाच, घर पाच." मामांचा चेहरा उजळला. "मग असं सांगा ना!" त्यानंतर त्यांना थांबवणं कोणाला जमलं नाही.

डाव असा. कन्येचे मोहरे पांढरे. दोघांची राजापुढची प्यादी दोन-दोन घरं पुढे, दोघांचे घोडे बाहेर, तिचा उंट सी-४ वर. इथे काळ्यानं बाहेर काढलेला घोडाच पुन्हा उचलला आणि थेट डी-४ वर आणून बसवला. मागे ई-५ वरचं प्यादं उघडं.

"गल्ली पाच, घर पाच!" मामा ओरडले. "फुकट आहे, मार!"

"मामा, तू मार. मी काळी होते."

मामांनी घोड्यानं प्यादं मारलं. तिनं वजीर जी-५ वर आणला. मामा हसले, त्यांना त्याहून मोठी शिकार दिसली होती. घोडा एफ-७ वर! आता तिचा वजीरही धोक्यात आणि कोपऱ्यातला हत्तीही. "आता बोल बेटा." ती काही बोलली नाही. वजिरानं जी-२ चं प्यादं मारलं. मामांनी हत्ती एफ-१ वर सरकवला. वजीर ई-४ वर, शह. मामांनी उंट मध्ये घातला. तिचा घोडा एफ-३ वर, मात. राजाच्या चहूबाजूंना त्याचीच माणसं, आणि घोड्याला मारू शकणारा उंट वजिरासमोर अडकलेला. सात खेळ्या. ब्लॅकबर्न नावाचा एक इंग्रज उस्ताद गेल्या शतकाआधी शिलिंगाच्या पैजेवर खेळायचा, त्याचं नाव या सापळ्याला चिकटलंय.

मामा बराच वेळ पटाकडे बघत बसले. मग म्हणाले, "धुळ्याच्या पोरानं लावला हा? वा!"

कन्येनं प्रत्यक्ष डावात प्यादं सोडलं होतं. घोड्यानं घोडा मारला आणि पुढच्या खेळीला किल्लेकोट करून मोकळी झाली. पोरानं तरीही वजीर जी-५ वर आणलाच. तिनं डी-३ केलं. मागचा उंट उघडा पडून वजिरावर रोखला गेला. वजीर एफ-६ वर. एफ-४, डी-६, मग ई-५. प्याद्यांची मारामारी झाली आणि गल्ली पाच, घर पाचवर पुन्हा एक प्यादं उरलं, या वेळी पांढरं, कोणाचाही आधार नसलेलं. पोरानं ते वजिरानं मारलं. तिचा हत्ती ई-१ वर आला. एकाच गल्लीत हत्ती, समोर काळा वजीर, आणि वजिराच्या मागे अजून घरातच बसलेला काळा राजा. वजीर हलला तर राजा जातो.

"तोसुद्धा किल्लेकोट मानत नाही वाटतं," मी म्हटलं. मामांनी ऐकलं नाहीसं केलं.

मोहरे बाहेर काढा, वजीर लवकर नाचवू नका, राजाला सांभाळा, ही तत्त्वं क्लासच्या भिंतीवर टांगलेली असतात आणि सगळ्या पोरांना पाठ असतात. त्या धुळ्याच्या पोरालाही असणार. पण पाठ असलेलं तत्त्व फुकटचं प्यादं दिसेपर्यंतच टिकतं, असं माझं मत त्या संध्याकाळी झालं.

"मग एवढा वजीर मिळाल्यावर अर्धा कसा?" मामांनी मुद्द्याला हात घातला.

कन्येनं शेवट मांडला. काळ्याकडे एकटा राजा, कोपऱ्यात एच-८ वर. तिच्याकडे वजीर आणि वेळच वेळ. तिनं वजीर थाटात एफ-७ वर ठेवला. शह नाही, आणि राजाला जायला एकही घर नाही. स्टेलमेट. पोरानं हात वर करून आरबिटरला बोलावलं म्हणे, आणि ते येईपर्यंत खुर्चीत गुडघ्यांवर उभा राहिला.

"कोंडला ना त्याला? मग जिंकलीस तू!" मामा.

"नाही रे मामा. त्याला काय खेळता येईल ते मी बघितलंच नाही." एवढं बोलून ती पेन्सिलीनं स्कोअरशीटवर त्या खेळीभोवती गोल करू लागली.

दुसऱ्या दिवशी मामांना बसस्टँडवर सोडायला निघालो. वाटेत गोलाणी मार्केटला थांबलो, कारण त्यांना शर्ट घ्यायचे होते. एका दुकानावर पाटी होती: दोन शर्टांवर एक फुकट. मी आत शिरणार तोच मामांनी माझा हात धरला.

"थांबा दाजी. आधी बघू, याला काय हवंय."