सेट तुटणार नाही

खानदेशात लग्न ठरलं की मुहूर्ताच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: बस्ता कुठे बांधायचा? नवरीसाठी येवल्याची पैठणी येते, पण आहेराच्या साड्या सुरतेच्याच. शिवाजी महाराज 1664 आणि 1670 असे दोनदाच सुरतेवर चालून गेले. आमच्या माम्या, मावश्या दर लग्नसराईला नंदुरबारमार्गे चाल करून जातात, आणि परतताना नेमकं लुटलं कोण गेलं यावर गाडीत पार अमळनेरपर्यंत वाद चालतो.

रिंग रोडवरच्या कापड मार्केटातला गादीवरचा सेल्समन बघत बसावा. घडीचं टोक धरून तो असा झटका देतो की साडी हवेतच उलगडते आणि पदर मामीच्या गुडघ्याशी येऊन पडतो. "रंग जाईल हा धुण्यात." दुसरी. "काठ बारीक आहे." तिसरीचा पदर तो स्वतःच्या खांद्यावर घेतो, निऱ्या धरून दाखवतो. मिशांखाली ती काही खुलत नाही. दुकान होलसेलचं, एका डिझाइनचे सगळे रंग एकदम उचलावे लागतात. मामीला त्यातला फक्त मोरपंखी हवा. "सेट तुटणार नाही, बेन," तो सांगतो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच, त्याच आवाजात. मग मामीचा हेल त्याच्या कानावर पडतो. "मावशी, कोणता गावना शेतस तुम्ही?" म्हणजे हा आपलाच, शिरपूरकडचा, राहायला लिंबायतला. लिंबायत-उधन्याकडे अहिराणी इतकी कानावर पडते की आपण नवापूर ओलांडून आलो हे विसरायला होतं. ओळख निघाली तरी सेट मात्र तुटत नाही.

त्या सेल्समनच्या धीराला क्षांती, म्हणजे सहनशीलता, म्हणावं का? बौद्ध परंपरेतल्या दहा पारमितांमधली ही एक, पालीत खंती. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्येही ती आहे. वर्षावासात विहारातून या ग्रंथाचं वाचन चालतं, तेव्हा तिथवर आलं की माना डोलतात. पारंपरिक पाली यादीत खंतीच्या आधी वीर्य येतं, म्हणजे नेटाने केलेला प्रयत्न. हात जोडून सोसत बसण्याशी क्षांतीचं नातं लावणाऱ्यांनी हा शेजार बघितलेला नसतो.

मज्झिम निकायातल्या ककचूपम सुत्तात बुद्धांनी श्रावस्तीच्या वेदेहिकेची गोष्ट सांगितली आहे. बाई सुखवस्तू, स्वभावाने शांत म्हणून गावभर नाव. तिची दासी काली कामाला चोख. कालीच्या मनात आलं, मालकीणबाईंना मुळात रागच नाही, की माझ्या कामात खोट नाही म्हणून तो दिसत नाही? लावू या कसाला. एक दिवस ती उशिरा उठली. बाईंच्या कपाळाला आठी. दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा. बाईंचा तोंडाचा पट्टा सुटला. तिसऱ्या दिवशी बाईंनी दाराचा अडसर उचलून तिच्या डोक्यात घातला. काली रक्ताळलेल्या डोक्यानिशी शेजाऱ्यांकडे गेली: बघा, तुमच्या शांत बाईंची करणी. बाईंचं नाव गेलं ते गेलंच.

बुद्धांचा रोख भिक्षूंकडे होता: मनासारखं चाललंय तोवर कुणीही शांत असतो. माझं मन मात्र कालीपाशीच घुटमळतं. त्या तीन दिवसांआधी रोज पहाटे उठून बिनबोभाट राबत कोण होतं? शांत म्हणून नाव झालं ते वेदेहिकेचं. गावं अशीच नावं देतात. मामी दुकानातून उतरताना आमच्याकडे वळून म्हणाली, "मी म्हणून इतका वेळ धीर धरला." तेव्हा तो शिरपूरकर साड्यांच्या ढिगाऱ्यात बसून एकेक घडी जुन्या मोडीवर आणत होता.

त्याला विचारलं, गिऱ्हाइकाचा राग येत नाही का? "गिऱ्हाइकाचा कशाला येईल? तिच्यावर तर घर चालतं. सेठचा येतो कधीकधी, पण तो दिवाळीपर्यंत ठेवायचा. गावाला गेलो की जातो."

"आणि घरच्यांसाठी साडी घ्यायची झाली तर?"

तो पहिल्यांदाच घडी अर्धी टाकून थांबला. "तेवढं नका विचारू. बायकोला आत पाठवतो नि मी बाहेर चहा पीत बसतो. तिने तिसरी साडी उघडायला लावली ना, की माझं डोकंच फिरतं."