छत्राला कारकून होता

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने निघालं की वाटेत ओरत्तनाडु लागतं. तिथलं मुक्तांबाळ छत्र तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बांधलं, आपल्या लाडक्या प्रेयसीच्या, मुक्तांबाळच्या नावाने. कारभार तोवर १७९९च्या तहाने कंपनीकडे गेला होता. राजाकडे तंजावरचा किल्ला आणि असली छत्रं उरली होती. वाटसरूला जेवण, आजाऱ्याला औषध, पोरांना शाळा. या छत्रांचे हिशेब मोडीत लिहायला कारकून होते आणि शिकवायला शिक्षक होते. ही दोन माणसं वेगवेगळी असतात, हा शोध आपल्याकडच्या जिल्हा परिषद शाळांना अजून लागायचा आहे.

आपल्या गुरुजींचा डेस्कटॉप बघा. वॉलपेपरला गणपती, पण दिसते ती फक्त सोंड. बाकीच्या देवावर फायली. ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर (२)’, ‘निकाल फायनल’, ‘निकाल फायनल नवीन’, ‘निकाल फायनल साहेबांना दिलेला’. यातला खरा कुठला, हे गुरुजींनाही छातीठोक सांगता येणार नाही.

मग प्रशिक्षण निघतं. तज्ज्ञ सांगतात, वर्गवार फोल्डर करा, त्यात विषयवार करा. गुरुजी मान डोलावतात आणि तेवढ्यात फोन वाजतो: केंद्रप्रमुखांना माहिती हवी, आजच, एक्सेलमध्ये. ‘सरल’ पोर्टल २०१५ला आलं तेव्हा वाटलं, एकदा भरलं की सुटलो. आता यूडायस प्लस वेगळं, शालार्थ वेगळं, पोषण आहाराची नोंद रोजची. पोरगं तेच, जन्मतारीख तीच, रकाने दर वेळी नवे. ओरत्तनाडुच्या सरकारी शाळेतही सुटका नाही. तिथे तमिळनाडूचं ईएमआयएस आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकाला जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक एवढीच बिगरशैक्षणिक कामं लावू देतं. माहिती भरणं त्या यादीत नाही, म्हणजे ते शैक्षणिकच असणार!

तेव्हा पसारा गुरुजींचा नाही. वरच्या कार्यालयांना जे नीट लावून ठेवता आलं नाही, ते गुरुजींच्या डेस्कटॉपवर येऊन पडलेलं आहे.

तरी एक गोष्ट जुन्या दफ्तराकडून फुकटात उचलण्यासारखी आहे. रोजकीर्द तारखेवार आणि खतावणी बाबवार, अशी मराठी दफ्तराची रीत. रोजचं रोजकीर्दीत पडायचं, मग खतावणीत आपापल्या खात्याला जायचं. वर रुमाल बांधलेला. गुरुजी फाइलला १५-०८-२०२४ असं नाव देतात, त्यामुळे सगळ्या वर्षांचे पंधरा ऑगस्ट एकमेकांना चिकटून झेंडावंदन करत बसतात आणि एका वर्षाच्या घटक चाचण्या एकत्र सापडत नाहीत. वर्ष आधी लिहा, मग महिना, मग दिवस, पुढे इयत्ता आणि विषय. २०२४-०८-१५. संगणक ओळीने लावून देतो, त्याला प्रशिक्षण लागत नाही. आणि ‘फायनल’ हा शब्द फाइलच्या नावातून हद्दपार करा.

पण नाव नीट दिलं तरी आतलं वाचता यायला हवं ना. तंजावरच्या सरस्वती महालात भोसल्यांच्या राजदफ्तराचे १३४२ गठ्ठे आहेत, मोडीतले. गठ्ठे शाबूत, वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. आपण हसायचं कारण नाही. युनिकोडच्या आधीच्या श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका आज नव्या लॅपटॉपवर उघडून पाहा. ‘खालील प्रश्नांची उत्तरे लिहा’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. तमिळ शिक्षकांचंही तेच झालं. त्यांच्या सरकारने युनिकोड २०१०ला मान्य केलं, तोवर कचेऱ्यांतून वानविलसारखे फॉन्ट चालत होते. मोडी निदान शिकता तरी येते. या डॉलरलिपीचे वर्ग कुणी काढलेले ऐकिवात नाहीत. असला जुना फॉन्ट बसवलेला एखादा म्हातारा संगणक शाळेत असेल, तर तो निर्लेखित व्हायच्या आत जुन्या फायली युनिकोडमध्ये करून घ्या. रूपांतर करणारे प्रोग्राम फुकट मिळतात; जोडाक्षरं तेवढी डोळ्यांनी तपासावी लागतात.

आणि बदली झाली की? डेडस्टॉक रजिस्टर निघतं. खुर्च्या मोजतात, कपाटं मोजतात, पोषण आहाराची पातेली झाकणांसकट मोजतात. संगणक एक, कीबोर्ड एक, माउस एक (नादुरुस्त). जाणारे गुरुजी सही करतात, येणारे गुरुजी सही करतात. दहा वर्षांचे स्वाध्याय, चाचण्या, वर्गाचे फोटो खिशातल्या पेनड्राइव्हमधून दुसऱ्या तालुक्याला जातात. त्याला रकाना नाही.