द्राक्षाला ऊन घालण्याची शास्त्रोक्त पद्धत

द्राक्षवेलीला योग्य प्रमाणात ऊन देण्यासाठी सर्वप्रथम एक बागायतदार मिळवावा. तो तासगाव, पलूस, मिरज किंवा कवठे महांकाळ तालुक्यातला असल्यास उत्तम. मुलगा कितवीत आहे हे त्याला बायकोला विचारावं लागलं तरी चालेल. मात्र छाटणीपासून आज कितवा दिवस, हे त्याला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. तासगावात चहाच्या टपरीवर "काय नाना, कितवा दिवस?" असं कुणी विचारलं की नाना "बेचाळिसावा" म्हणतात आणि आभाळाकडे बघतात. दहाव्या-तेराव्याशी याचा संबंध नाही. परक्या माणसाने तोंड पाडून सांत्वनाला बसू नये.

नियम पहिला : वेल वर्षातून दोनदा छाटावी. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. पीक दिसतं ते ऑक्टोबरनंतर, पण ते ठरतं खरड छाटणीनंतरच्या साधारण ४० ते ६० दिवसांत. काडीच्या डोळ्यात तेव्हा सूक्ष्म घड तयार होत असतो. त्या दिवसांत डोळ्यावर पुरेसं ऊन पडलं नाही, तर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा कुरळा तणावा, येते. बाळी बाजारात विकत नाहीत.

नेमक्या याच सुमाराला आभाळ भरून येतं. मे संपून जून लागलेला असतो, सगळा सांगली जिल्हा पावसाकडे डोळे लावून बसतो आणि बागायतदार मात्र 'चार दिवस थांब रे बाबा' म्हणत असतो. त्याच्याच पलीकडच्या रानात सोयाबीन पेरायचं असतं, तिथे पाऊस हवा. एकाच सातबाऱ्यावर ऊन आणि पाऊस असे दोन अर्ज करणारा हा माणूस हवामान खात्याला नावं ठेवतो.

नियम दुसरा : पानांवर दया करू नये. द्राक्षाच्या एका पानातून दहा टक्क्यांहून कमी उजेड खाली उतरतो; दुसऱ्या पानाखाली संध्याकाळच होते. तिसरं पान बिनकामाचं, बसून खाणारं. म्हणून फुटी विरळाव्यात, काडीला १५-१६ पानं झाली की शेंडा मारावा. मग भर दुपारी मांडवाखाली उभं राहून जमिनीकडे बघावं. सलग सावली असेल तर दाटी झाली, भुरी रोगाला आयतं घर मिळालं. सलग ऊन असेल तर कात्री जास्त चालली. कवडसे पडले पाहिजेत. किती? "ते बघून कळतं," इतकंच उत्तर मिळतं, आणि ते देताना नानांची नजर शेजाऱ्याच्या बागेवर असते.

नियम तिसरा : इथवरचे नियम विसरावेत. घड भरू लागला की ऊन हा शत्रू. उघड्यावर राहिलेले मणी भाजतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी चटका पडला की हिरवे मणी गुलाबी होतात. याला पिंक बेरी म्हणतात. गुलाबी रंग मुलीच्या फ्रॉकला शोभतो, पण हिरव्या द्राक्षावर दिसला की व्यापारी भाव पाडतो. यावर उपाय रद्दीचा. घडागणिक वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून पिन मारतात. बायका ओळीने हे काम करत जातात आणि नाना मागून तपासत येतात, म्हणजे गेल्या दिवाळीतल्या बातम्या वाचत येतात. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून 'तास-ए-गणेश' हा वाण निवडून काढला. त्याचेही लाड असेच करावे लागतात.

नियम चौथा : बेदाणा करायचा असेल तर ऊन दाखवूच नये. वर्षभर ज्याच्यासाठी नवस बोलले, त्याच्यापासून आता द्राक्ष लपवावं. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात घड बुडवून शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरतात, बाजूंनी शेडनेट सोडतात. वाळवायचं काम जिल्ह्याच्या पूर्वेकडचा कोरडा गरम वारा करतो. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, पंधरा-वीस दिवसांत. थेट उन्हात टाकला तर तपकिरी पडतो; सावलीत वाळला तर हिरवा राहतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात या सावलीचा वाटा मोठा.

नियम पाचवा : साताऱ्याच्या पाहुण्याचा सल्ला ऐकावा, पाळू नये. भिलारचा सोयरा लग्नात भेटला की म्हणतो, "आमच्या स्ट्रॉबेरीला कसली झाकाझाक नाही. पाऊस सरला की गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर अंथरायचा, रोप लावायचं, थंडीतलं कोवळं ऊन खाऊ द्यायचं." महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला मानांकन २०१० मध्येच मिळालं, हे तो जेवताना दोनदा सांगतो. वेण्णा तलावाकडे हिमकण पडतात तेव्हा त्याचीही झोप उडते, हे मात्र सांगत नाही.

नियम सहावा : पाचगणीहून आणलेलं स्ट्रॉबेरीचं रोप पुण्यातल्या उत्तरेकडच्या गॅलरीत ठेवू नये.

नियम सातवा घरच्यांसाठी. उन्हाचा एवढा जाणकार घरात असताना कुरडया कुठे वाळवायच्या, हा प्रश्न त्याला विचारू नये. एप्रिलात अंगणात क्रेट रचलेले असतात आणि गच्चीवर शेडनेट पसरलेलं असतं. काकू चिकाचं पातेलं उचलून सरळ शेजारच्या गच्चीवर जातात. मागून नाना ओरडून सांगतात, तिथे चारनंतर सावली येते.