पाचवीला पुजलेली

तुम्हाला म्हणून सांगते, पुढं कुठं बोलू नका. आमच्या भिंतीला भिंत लागून अण्णांचं घर, त्या घरात पाचवी येणार आहे. सून नव्हे, म्हैस नव्हे, सायकल! घरात माणसं चार. त्यातल्या आजी कॉटवरनं उतरत नाहीत, लेकीला स्कूटी आहे आणि वहिनींनी लग्नानंतर पायडलला पाय लावलेला नाही. म्हणजे चार सायकलींना मिळून दोनच पाय, तेही गुडघे दुखणारे.

तशी सायकल सोलापूरच्या या भवानी पेठेला काही नवी नाही. अण्णांच्या वडिलांची काळी ॲटलस होती, बावीस इंची. मागं कॅरिअर, खाली डबल स्टँड, चाकाला डायनामो. सकाळी तिच्यावर सुताची बाचकी जायची, दुपारी दळण आणि संध्याकाळी मागं आजी, पुढं नळीवर अण्णा अशी वरात रूपाभवानीला. त्या काळी सायकलीलाही कर असायचा, वरती पत्र्याचा बिल्ला लावावा लागायचा. दुसरी सायकल घ्यायची म्हणजे दुसरा बिल्ला, आणि लोक विचारणार, ‘पहिलीला काय झालं?’ आता कर नाही, बिल्ला नाही, आणि विचारणारी मी एकटीच उरले.

सुरुवात २०२० च्या टाळेबंदीत झाली. अण्णांचे माग बंद, मग माणसानं करायचं काय? ‘प्रकृतीसाठी’ म्हणून पहिली आणली. प्रकृतीपुढं कोण बोलणार? दोन महिन्यांनी कळलं की हिच्यावर तुळजापूरचा घाट चढवत नाही. आता तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. कोजागिरीला अख्खं सोलापूर तिथवर पायी जातं, म्हाताऱ्या बायका अनवाणी जातात. त्यांच्या पायांना कुठं गिअर असतात? पण अण्णांनी देवीचं नाव काढलं आणि वहिनी गप्प झाल्या. दुसरी आली. तिला जागा करायची म्हणून त्या दिवाळीत काळी ॲटलस भंगारवाल्याला दिली. काट्यावर बावीस किलो भरली.

तिसरी तर काय सांगू! तिला स्टँड नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. दुकानातनं आली तेव्हा पायडलसुद्धा नव्हते, ते म्हणे वेगळे घ्यायचे. वजन दहा किलोच्या आत, आणि वजन जेवढं कमी तेवढी किंमत जास्त. आम्ही बाजारात एवढीसुद्धा मेथी कमी भरली तर भांडतो, हे बाबा कमी भरल्याचे वर पैसे देऊन आले. कारण काय, तर ‘ब्रेव्हे’. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत कापायचे, बक्षीस वगैरे काही नाही. वहिनी कुरकुरल्या तर नाशिकच्या महाजन बंधूंचा दाखला तयार. दोघेही डॉक्टर. २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत मारले. ‘त्यांनी दोघांत मिळून मारले,’ वहिनी म्हणाल्या, ‘तुम्ही एकट्यानं रेशन दुकानापर्यंत तरी जाऊन या.’

आणि ती चड्डी! आतनं गादी शिवलेली, दोरीवर वाळत घातली की पेठेतल्या बायका पदर तोंडाला लावून जातात. त्याहून वाईट ऐका. अण्णांचे स्वतःचे टॉवेलचे आठ माग. सोलापुरी टॉवेल देशभर जातो. आणि हा गृहस्थ सायकल पुसायला मायक्रोफायबरचं फडकं विकत आणतो! आजींनी ते बघितलं, त्या दिवशी जेवल्या नाहीत.

चौथीला मुहूर्त सरकारनंच काढून दिला. सायकलीवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरनं पाचवर आला, तोही २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला. अण्णांनी कागदावर मांडून दाखवलं: अठ्ठावीस हजारांची सायकल आता सव्वीस हजार दोनशे पन्नासला, म्हणजे साडेसतराशे वाचले. वाचले! घेतली लेकीच्या नावावर, पण सीटची उंची बघाल तर अण्णांच्या पायाची. लेकीचा अंगठासुद्धा टेकत नाही.

मग त्यांनी कुठनंतरी नियम शोधून आणला. परदेशातल्या सायकलवेड्यांच्या नियमावलीत बारावा नियम आहे म्हणे: आपल्याकडं ‘एन’ सायकली असतील तर लागणारी संख्या ‘एन अधिक एक’. लेक गणितात हुशार. तिनं पुढचं वाक्यही वाचलं: ‘एस वजा एक’, आणि ‘एस’ म्हणजे जेवढ्या सायकली झाल्यावर बायको घर सोडून जाते तो आकडा. ‘आई, आपला एस किती गं?’ वहिनी कडक भाकरी मोडत म्हणाल्या, ‘पाच.’

झालं, विषय मिटला असं मला वाटलं. पण गेल्या मंगळवारी लेकीची स्कूटी बंद पडली आणि ज्वारीचं दळण गिरणीत न्यायचं होतं. वहिनींनी एकेक सायकल काढून बघितली. डबा ठेवायला जागा कुठाय? चार सायकली, पाऊण लाखाच्या वर पैसा, आणि दहा किलो दळण नेईल अशी एक नाही! अण्णा डबा डोक्यावर घेऊन चालत गेले, डोक्यात हेल्मेट तसंच. अख्ख्या गल्लीनं बघितलं.

त्या रात्री वहिनींनी स्वतःच फर्मान काढलं: कॅरिअरवाली पाहिजे, डबल स्टँडवाली, काळी. अण्णा दुकानं हिंडले. ॲटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० लाच बंद पडलेला, तोही नेमक्या जागतिक सायकल दिनी. शेवटी कुणीतरी सांगितलं, अशी एक जुनी आहे, पण मालक विंटेज म्हणून अडून बसलाय.

काल संध्याकाळी दोघं बघून आले. भंगारवाल्याकडंच आहे. सीटखाली अण्णांच्या वडिलांनी बांधलेली सुताची गाठ अजून तशीच. आठ हजार सांगतोय. वहिनी म्हणाल्या, ‘किलोनं दे की.’