सेलू ते पूर्णा, मार्गे मेक्सिको

मेक्सिकोचे जेवण आणि स्पेनचे जेवण यांतला फरक कळण्यासाठी मनमाडकडून येणाऱ्या गाडीने परभणी जिल्ह्यात शिरावे. विमानापेक्षा हे स्वस्त पडते. पाणी तेवढे जास्त लागते.

सेलूच्या ताटात ज्वारीची भाकरी येते. मेक्सिकोत त्या जागी मक्याचा तोर्तिया. दोन्ही गोल, दोन्ही तव्यावरच्या, आणि दोन्हींमुळे चमच्याचे काहीच चालत नाही. मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग वाटतात. परभणीकर चुना जेवणानंतर पानाला लावतो. स्पेन मात्र गव्हाच्या पावाचा देश. १५२१ मध्ये मेक्सिको जिंकल्यावर स्पॅनिशांनी तिथे गहू, तांदूळ, डुकरे आणि गायी नेल्या. मेक्सिकोने डुकराचे मांस आणि चीज आनंदाने घेतले, पण ते तोर्तियात गुंडाळून. राज्यकर्त्याचे जेवण पचवण्याची ही रीत परभणीलाही ठाऊक आहे. १९४८ पर्यंत जिल्हा निजामाकडे होता. निजाम गेला, बिर्याणी राहिली. ती शहरात मिळते. भाकरीने मात्र घरातली चूल सोडलेली नाही.

खरा तंटा मिरचीचा. कोलंबसाने ती १४९३ मध्ये स्पेनला नेली. तिथे ला व्हेरा भागात ती ओकच्या धुरावर वाळवून दळतात. रंग झकास, धूर मुबलक, तिखटपणा सासुरवाशिणीसारखा दबलेला. भारतात मिरची पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणली. परभणीपर्यंत पोचेतो तिला कोणी दबवले नाही.

याचा पुरावा पूर्णेला भुरक्यात सापडतो. तेल कडकडीत तापवून त्यात जिरे आणि ठेचलेला लसूण लाल करायचा, शेंगदाण्याचा कूट परतायचा, कढई खाली उतरवायची आणि मगच तिखट घालायचे. चुलीवर असतानाच घातले तर ते करपते आणि शेजारच्या घरांनाही खोकल्यावरून मेनू कळतो. मेक्सिकोच्या व्हेराक्रूझमधली साल्सा माचा हीच: सुक्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, तेल. स्पेनही लसूण तेलात परततो, पण ऑलिव्हच्या. त्यात कोळंबी भरपूर आणि मिरची हजेरीपुरती. समुद्र इतका लांब असल्याने परभणीला कोळंबीचा मोह नाही.

युनेस्कोने २०१० मध्ये मेक्सिकोचे पारंपरिक जेवण आणि स्पेनसह चार देशांचा भूमध्य आहार एकाच वर्षी वारसा यादीत घेतले, त्यामुळे तिथे भांडण झाले नाही. भुरका त्या यादीत नाही; तो पूर्णेला भाकरीबरोबर मागितला की मिळतो.